स्नेक नदीच्या माळावरची गाडीवाट: जुन्या टोपोशीटवरची रेघ आणि जमिनीवरची चाकोरी

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी अमेरिकेत आयडाहो राज्यात, बॉइझी शहरात राहते. मूळची माणदेशातली, म्हसवडच्या बाजूची. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात शहराच्या दक्षिणेला गाडी घातली. ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं होतं, तिकडे बघण्यासारखं काही नाही. मला मात्र गावी आल्यासारखं वाटलं. सह्याद्रीनं अडवलेला पाऊस जसा माण-खटावला पोचत नाही, तसा इथे कॅस्केड पर्वत पाऊस अडवतो. वर्षाला दहा इंचांच्या आसपास पडतो, त्यातला काही बर्फ म्हणून. पायाखाली तोच काळा बसाल्ट. बाभळीच्या जागी सेजब्रशची गुडघाभर करडी झुडपं आणि उंची तीन हजार फुटांच्या पुढे. इथले लोक याला 'हाय डेझर्ट' म्हणतात, म्हणजे उंचावरचं वाळवंट.

याच माळावरून ओरेगन ट्रेल गेली. मिसूरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगन सिटीपर्यंत दोन हजार मैलांहून लांब गाडीवाट. १८४३ मध्ये पहिला मोठा तांडा निघाला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं बैलगाड्या जात राहिल्या. नाद तिथून लागला आणि नादाबरोबर जुने नकाशे आले. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यानं, म्हणजे यूएसजीएसनं, १८८४ पासून २००६ पर्यंत छापलेले पावणेदोन लाखांहून जास्त टोपोशीट, म्हणजे जमिनीचे उंचसखल दाखवणारे नकाशे, स्कॅन करून 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. माउंटन होम आणि बॉइझी यांच्यामधल्या पट्ट्याचा १८९० च्या दशकातला १:१,२५,००० चा शीट मी उतरवून घेतला.

आता अडचण. त्या शीटवर माळावरून एक रस्ता जाताना दिसतो. नंतरच्या १:२४,००० च्या शीटवर त्याच भागात तुटक रेघ आहे आणि तिला ओरेगन ट्रेल म्हटलंय. दोन रेघा काही ठिकाणी एकमेकींवर बसतात, काही ठिकाणी अर्धा मैल लांब पळतात. मागच्या रविवारी तिथे जाऊन आले. जमिनीवर मला दोन वाटा दिसल्या. एक चांगली रुंद, टेकडीच्या कडेकडेनं वळसा घेत जाणारी, उताराच्या बाजूला दगड रचलेली. दुसरी म्हणजे नुसता उथळ खोलगट पट्टा, टेकडीवर सरळ चढलेला. तिथे झुडपं वेगळी आहेत म्हणून कळतो, नाहीतर डोळ्यांखालून निसटेल.

यातली १८४३ च्या लोकांची वाट कुठली? पहिली इतकी ठसठशीत आहे की मला तीच वाटते. नकाशा वाचणाऱ्यांनी मदत करा.

---

गावठाण

ताई, फार छान विषय. साताऱ्यात बसून वाचतोय. 'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो आणि ती चाकाची असते हे विसरून गेलोय. आमच्या आजोबांच्या बैलगाडीची चाकोरी मळ्यापासून ओढ्यापर्यंत होती, गाडी विकून तीस वर्षं झाली तरी पावसाळ्यात तिथेच पाणी तुंबायचं.

एक साधा प्रश्न: त्या काळी त्या लोकांकडे नकाशा होता का?

---

दुर्बीण

गावठाण, होता, पण रस्त्यापुरता. मी पोर्टलंडजवळ राहतो आणि या वाटांवर स्वयंसेवक म्हणून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८४३-४४ मध्ये जॉन फ्रीमाँट हा लष्करी अधिकारी इथून मोजणी करत गेला. त्याच्याबरोबर चार्ल्स प्रोइस हा जर्मन नकाशाकार होता. प्रोइसनं १८४६ मध्ये मिसूरीपासून कोलंबिया नदीवरच्या वाला-वालापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा सात तुकड्यांत काढला. प्रमाण इंचाला दहा मैल. कागदावर फक्त रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची थोडी जमीन. जिथवर स्वतः गेले नाहीत तिथे त्यानं कागद कोरा ठेवला. कडेला शेरे आहेत: पाणी कुठे, सरपण कुठे, शिकार कुठे मिळेल, हवामान काय होतं. गाडीवाल्याला हवं असतं नेमकं तेवढंच. मला आजवर पाहिलेल्या नकाशांत याहून प्रामाणिक नकाशा माहीत नाही.

पण कोऱ्या भागाचं काय होतं बघा. फ्रीमाँटच्या त्या काळातल्या नकाशावर ग्रेट बेसिनच्या, म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या मधल्या विस्तीर्ण खोलगट प्रदेशाच्या, पोकळीत अक्षरं वळवून लिहिलंय की आत काय आहे ते जवळजवळ अज्ञात आहे, समुद्राशी नातं नसलेल्या नद्या आणि सरोवरं असावीत. ऑगस्ट १८४५ मध्ये आजच्या ओरेगनमधल्या व्हेल गावाजवळ स्टीफन मीक नावाच्या वाटाड्यानं सुमारे दोनशे गाड्या आणि हजारएक माणसं मुख्य रस्ता सोडून पश्चिमेला वळवली. ब्लू माउंटन्सचा चढ टाळायचा आणि दिवस वाचवायचे हा बेत. मीक पूर्वी बीव्हरच्या कातड्यांसाठी त्या भागात फिरलेला होता. घोड्यावरचा एकटा माणूस आणि दोनशे गाड्या यांना लागणारं पाणी सारखं नसतं, तिथे सगळं फसलं. हार्नीच्या खोलगट भागातलं पाणी अल्कलीचं, प्यायला जड. पुढे वॅगनटायर डोंगराच्या परिसरात तांडा थांबून राहिला आणि घोडेस्वार चारही दिशांना पाणी शोधत फिरले. क्रुकेड नदी गाठेपर्यंत तापानं आणि थकव्यानं माणसं जात होती. ऑक्टोबरमध्ये उरलेले कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्सला पोचले. रोजनिशांतल्या नोंदी जुळवून मृतांचा आकडा काढायचे प्रयत्न आजही चालू आहेत.

मी त्या भागातले दोन-तीन शीट शेजारी शेजारी लावून मीकची वाट बोटानं चालतो तेव्हा निळ्या रंगातले झऱ्यांचे छोटे गोल बघतो. काही झरे त्यांच्या वाटेपासून फार लांब नव्हते. त्यांना ते दिसण्याचा काही मार्ग नव्हता.

---

झुळूक

वाचनखूण साठवली. दुर्बीणदादा, मीकवर स्वतंत्र धागा काढाच.

पाऊलवाट ताई, मी जीआयएस (संगणकावर नकाशे करणं) शिकते आहे, तुमच्या "अर्धा मैल लांब" वर थोडं. १:१,२५,००० च्या शीटवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबासष्ट मीटर. नुसत्या शाईची जाडी इतकी आहे. त्या काळी मोजणीदार प्लेन टेबल, म्हणजे नकाशाची फळी, तिपाईवर मांडून, अ‍ॅलिडेडमधून (नेम धरायच्या पट्टीतून) टेकडीचं टोक बघून जागेवरच रेघा काढत. मुख्य टोकं मोजलेली, मधलं नजरेनं भरलेलं. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करायला १९३० च्या दशकापासून सुरुवात झाली. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या शीटमध्ये वळणं जुळत नाहीत यात नवल नाही.

दुसरं म्हणजे डेटम, अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजतात तो. मधल्या काळातले शीट १९२७ च्या डेटमवर आहेत, तुमचा फोन आजच्यावर चालतो. पश्चिमेकडे या दोन्हींत शंभर मीटरच्या आत-बाहेर फरक पडतो. शीटवरून अक्षांश-रेखांश वाचून थेट फोनमध्ये घातले की शेजारच्या घळीत जाऊन उभं राहाल. टोपोव्ह्यूवरून जिओटिफ प्रकारातली फाइल घेतलीत तर हा हिशोब आत केलेला असतो.

पण अर्धा मैल या दोन्हींत बसत नाही. तिथे खरोखर दोन वेगळे रस्ते असणार.

---

कातळ

झुळूकचं म्हणणं बरोबर. मी मोजणीखात्यातून निवृत्त झालोय, प्लेन टेबल खांद्यावर वाहिलेली पिढी. अमेरिकेतले शीट मी पडद्यावरच पाहिलेत, तरी रेघेचा स्वभाव सगळीकडे सारखा.

पाऊलवाट, तुमच्या दोन वाटांचा निकाल उंचीच्या रेघा देतील, म्हणजे शीटवर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेघा. रस्ता तपकिरी रेघांना समांतर, कडेकडेनं जात असेल तर तो कोणीतरी आखून, खणून, पैसे घालून बांधलेला आहे. खालच्या बाजूला दगड रचणं हे मजुरांचं काम. तांड्यांकडे ना तेवढा वेळ होता ना माणसं. त्यातून कडेला कललेल्या उतारावर उंच ओझ्याची गाडी घातली तर ती उलटते. आमच्याकडे कडब्याची गाडी बांधाकडेनं कशी हाकतात ते आठवा. म्हणून न बांधलेली गाडीवाट टेकडीला सरळ भिडते, दांड्यावरून चढते, दांड्यावरूनच उतरते, उंचीच्या रेघा काटकोनात कापत. चढाला जोडीला जोडी लावायची, उताराला चाकं बांधून घसटत आणायचं.

माझ्या मते तुमची ती न दिसणारी, सरळ चढलेली वाट आधीची. ठसठशीत आहे ती नंतरची.

शीटच्या खालच्या कोपऱ्यातली तारीखही नीट वाचा. तिथे मोजणीचं वर्ष वेगळं, आवृत्तीचं वेगळं आणि पुनर्मुद्रणाचं तिसरंच असतं. १९३० नंतर छापलेला शीट आतून १८९० चा असू शकतो.

---

दुर्बीण

कातळकाका, अगदी नेमकं. आणि ती नंतरची वाट कुणाची याचा माझा अंदाज सांगतो: केल्टन रोड.

१० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमॉन्टरी समिट इथे पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली. मग बॉइझीचा माल युटातल्या केल्टन स्टेशनवर उतरू लागला आणि तिथून मालगाड्या आणि टपालाच्या घोडागाड्या आयडाहोत येऊ लागल्या. ठरावीक अंतरावर घोडे बदलायची ठाणी होती. तुमच्या पट्ट्यात हा रस्ता बऱ्याच ठिकाणी जुन्या ट्रेलवरूनच जातो आणि चढ आला की सोडून वळसा घेतो. १८८० च्या दशकात रेल्वे आयडाहोतच आली आणि त्याचं काम संपलं. १८९० चा मोजणीदार आला तेव्हा जमिनीवर सगळ्यात स्पष्ट दिसणारा रस्ता कुठला असेल? त्यानं जो दिसला तो काढला. इतिहास नोंदवायला त्याला पाठवलेलंच नव्हतं.

गावाचं नाव बघा. आज माउंटन होम जिथे आहे तिथे ते आधी नव्हतं. केल्टन रोडवरच्या रॅटलस्नेक या ठाण्याला पुढे माउंटन होम म्हणू लागले. १८८३ मध्ये रेल्वे काही मैल पश्चिमेकडून गेली आणि नाव उचलून रुळाशेजारी आणलं. रोजनिशी एका काळातली आणि शीट दुसऱ्या काळातला घेतला तर गावसुद्धा फसवतं.

---

निवडुंग

धागा आवडला, पण एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही म्हणून लिहितोय. ही वाट १८४३ ला "निघाली" हे मला पटत नाही. झऱ्यापासून झऱ्यापर्यंत जाणारी पायवाट शोशोनी, बॅनॉक आणि पायूट लोकांची होती. कातड्यांचे व्यापारी तिच्यावरून गेले, मग गाड्या. टोपोशीटवर ज्यांच्या पायांनी वाट पाडली त्यांची रेघ वेगळी दाखवलेली नसते.

आणि कागदावरच्या एका शब्दानं काय होतं त्याचं उदाहरण याच भागातलं आहे. माउंटन होमच्या ईशान्येला कॅमस प्रेअरी आहे. कॅमस हा निळ्या फुलांचा कंद, शोशोनी-बॅनॉक लोकांचं मुख्य अन्न. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर तहात ही जमीन त्यांना राखून द्यायची होती. लेखी तहात 'कॅमस'च्या जागी 'कॅन्सस प्रेअरी' असं उमटलं. कॅन्सस हजारएक मैल लांब. ती जागा त्यांना कधीच राखून मिळाली नाही, वसाहतवाल्यांची गुरं आणि डुकरं त्या माळावर सोडली गेली, डुकरांनी कंद उकरून खाल्ले, आणि १८७८ मध्ये बॅनॉक युद्ध पेटलं. युद्धानंतर ओरेगनमधलं पायूट लोकांसाठी राखलेलं मॅलूर रिझर्वेशनही मोडलं. १८७९ च्या जानेवारीत, भर थंडीत, पाचशेच्या आसपास पायूट लोकांना वॉशिंग्टन प्रदेशातल्या याकामा रिझर्वेशनकडे नेलं, बरेच जण चालत.

जुन्या शीटवरची नावंही डोळे उघडे ठेवून वाचा. मूळनिवासी स्त्रियांसाठी शिवीसारखा वापरला जाणारा एक शब्द शेकडो ओढ्यांना आणि टेकड्यांना लावलेला होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या भौगोलिक नाव मंडळानं जवळपास साडेसहाशे नावं बदलली. जुन्या शीटवर ती तशीच राहणार आणि राहू द्यावीत, कोणी काय नावं ठेवली होती त्याचा तो पुरावा आहे.

---

पाऊलवाट

निवडुंग, मनापासून आभार. मी मूळ धाग्यात "तांडा निघाला" असं सहज लिहून गेले. तो कॅमसचा माळ मी जूनमध्ये पाहिलाय, लांबून तळं वाटावं इतका निळा असतो. तहातल्या शब्दाची गोष्ट माहीत नव्हती.

कातळकाका, तुमची उंचीच्या रेघांची खूण वाचून मी रात्री शीट पुन्हा उघडला. १:२४,००० वर तुटक रेघ खरंच तपकिरी रेघा कापत सरळ चढते. अंगावर काटा आला. तरी आणखी एखादा पुरावा हवा. दोन्ही शीट विसाव्या शतकाच्या डोळ्यांनी काढलेत, किंवा त्याच्या जरा आधीच्या. मधलं काही नाही का?

---

कातळ

आहे. तुमच्याकडच्या जनरल लँड ऑफिसची, म्हणजे सरकारी जमीन खात्याची, मोजणी. जमीन वाटायच्या आधी त्यांनी सगळ्या पश्चिमेवर चौकोन आखले. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. आयडाहोची सगळी आखणी जिथून सुरू झाली तो बिंदू तुमच्या जवळच आहे: कुना गावाच्या दक्षिणेला इनिशियल पॉइंट नावाची ज्वालामुखीची छोटी टेकडी, १८६७ सालचा. तिथून बॉइझी मेरिडियन, आखणीची मूळ उत्तर-दक्षिण रेघ, निघते.

या लोकांचं काम सेक्शनच्या हद्दीवरून सरळ चालायचं आणि वाटेत काय लागलं ते साखळीच्या अंतरासह वहीत लिहायचं. ओढा, दांड, रस्ता, झाड. समजा वहीत ३० साखळ्यांवर 'गाडीरस्ता' असं असेल, तर कोपऱ्याच्या दगडापासून ३० गुणिले ६६, म्हणजे १,९८० फुटांवर त्या वर्षी रस्ता होता. दिशाही बहुधा लिहिलेली असते. या वह्या आणि त्यांवरून काढलेले नकाशे आता भूमी व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

दोन गोष्टी सांभाळा. एक, रस्ता फक्त हद्दीवर मोजलेला असतो. सेक्शनच्या पोटातलं वळण बसल्या जागी जोडलेलं, त्यावर भरवसा नको. दोन, काम कंत्राटावर आणि मैलावर पैसे. १८८० च्या दशकात बेन्सन नावाच्या कंत्राटदाराच्या टोळीनं पश्चिमेत न चालताच वह्या भरल्याची प्रकरणं गाजली होती. वहीत ओढे लिहिलेत आणि जमिनीवर ओढाच नाही असं दिसलं, तर ती वही बाजूला ठेवायची.

गावठाणसाठी: ही ६६ फुटांची गंटर साखळी तुमच्या सातबाऱ्यातही आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात निम्मी, ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी चालवली. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर दोन्हीकडे तोच.

---

गावठाण

काका, आयुष्यभर गुंठ्यांवरून भावकीची भांडणं ऐकली, गुंठा ३३ फुटांचाच का हे आज कळलं. तुमचे प्रतिसाद एकत्र करून ठेवा हो.

---

झुळूक

+१. आणि ताई, लायडार बघा. विमानातून लेझर मारून जमिनीची उंची मोजतात, झुडपं बाजूला काढता येतात. यूएसजीएसचा हाही विदा फुकट आहे. उतारछाया काढताना उजेड एका बाजूनं, अगदी तिरका ठेवा. वीतभर खोल पट्टासुद्धा सावली टाकतो.

---

दुर्बीण

जाणार असाल तर काही गोष्टी सांगतो, अनुभवाच्या.

उजेड: दुपारी जाऊ नका. सकाळी लवकर किंवा मावळतीला, सूर्य खाली असताना सूर्याकडे तोंड करून बघा.

पट्टा शोधा, दोन चाकांच्या खाचा शोधू नका. दोन ठळक खाचा बहुधा पिकअप ट्रकच्या असतात. शेकडो गाड्या, हजारो जनावरं गेली की माती भुगा होते, वारा आणि पाणी ती नेतात, आणि उरतो तो बशीसारखा खोलगट पट्टा. सपाटीवर तांडे धूळ चुकवायला शेजारी शेजारी चालत, त्यामुळे तिथे वाट विस्कटते, बहुतेकदा काहीच दिसत नाही. खिंडीत आणि दांड्यावर सगळे एका जागी येतात, म्हणून खूण तिथे टिकते.

दगड: कातळावर लोखंडी धावेचा घासलेला गंज कधी कधी तांबूस रेघेसारखा दिसतो. धाव म्हणजे चाकावरची पट्टी, गावठाण तुम्हाला सांगायला नको. इथल्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसायचं आणि धावा निसटायच्या, म्हणून लोक मुक्कामाला चाकं ओढ्यात भिजत ठेवायचे.

आणि शेवटचं: काहीही उचलू नका. खिळा, साखळीची कडी, काचेचा तुकडा, जे असेल ते फोटो काढून तिथेच. सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या कायद्यानं संरक्षण आहे. नेमकी जागाही उघड धाग्यावर लिहू नका. धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारे लोक असे धागे वाचतात आणि एका रात्रीत उकरून जातात. मी हे पाहिलंय, अजून वाईट वाटतं.

---

पाऊलवाट

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. जाऊन आले. जागा सांगत नाही, दुर्बीणदादांचं ऐकून.

आधी घरी बसून केलेलं काम. वही मिळाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी ओढे तपासले, ते आजच्या नकाशाशी जुळले, म्हणजे माणूस खरंच चालला होता. मग रस्ते. एकाच हद्दीवर दोन नोंदी निघाल्या, थोड्या अंतरानं. एक गाडीरस्ता आणि दुसरा जुना गाडीरस्ता. 'जुना' हा शब्द त्यानं स्वतः लिहिलाय. त्या वेळीच ती वाट त्याला जुनी दिसत होती. मी खुर्चीतून उठून घरभर फिरले.

झुळूक, लायडारवर दांड्यावरचा पट्टा सावलीसारखा उमटला, आणि ठसठशीत रस्ता वळसा घेऊन त्याला वरच्या खिंडीत येऊन मिळताना दिसला.

मग शनिवारी पहाटे निघाले. भरपूर पाणी, कागदी शीट आणि होकायंत्र, कारण तिकडे फोनला रेंज नाही. सूर्य उगवायला थोडा वेळ होता. थंडी होती. सेजब्रशचा तो कडवट वास पहाटे जास्त येतो. उजेड आडवा पडला आणि मागच्या वेळी जिथे डोळे ताणून बघत होते तिथे पट्टा उघडच होता. सरळ वर चढलेला. आत झुडपं बुटकी आणि विरळ, कडेची दाट.

मी तो चढले. वर पोचल्यावर दक्षिणेला स्नेक नदीची घळ एका काळ्या भेगेसारखी दिसली. शीटवर तिथे उंचीच्या रेघा इतक्या दाटतात की तपकिरी पट्टाच होतो. त्याचा अर्थ मला वर उभं राहून कळला. अनेकांनी रोजनिशीत लिहिलंय की कित्येक दिवस नदी खाली दिसत राहते आणि तिथवर उतरता येत नाही. जनावरं पाण्याच्या वासानं कड्याकडे ओढ घेत. ग्लेन्स फेरीजवळच्या थ्री आयलंड क्रॉसिंगला ज्यांना नदी ओलांडता आली ते या बाजूला आले, इथे झरे आणि ओढे एका दिवसाच्या अंतरानं मिळत गेले. ज्यांना जमलं नाही ते दक्षिणेच्या काठानं उन्हातून, धुळीतून गेले.

माझ्या आजीनं १९७२ च्या दुष्काळात पाण्यासाठी केलेली पायपीट मी तिच्या तोंडून ऐकलीये. तिलाही वाटेवरची प्रत्येक विहीर नावानिशी पाठ होती, कुठली चैत्रात आटते आणि कुठली वैशाखात. प्रोइसच्या नकाशाच्या कडेचे शेरे वाचताना मला तिचा आवाज ऐकू येतो.

निवडुंग, खिंडीजवळ झरा आहे, बारीक. शेजारच्या खडकाखाली काळ्या काचेसारख्या दगडाच्या कपच्या पडलेल्या आहेत, ऑब्सिडियनच्या. हत्यारं घडवताना उडालेल्या. गाड्यांच्या कितीतरी आधीपासून माणसं त्या झऱ्याशी बसत होती. हात लावला नाही.

---

निवडुंग

वाचून खूप बरं वाटलं. जमलं तर त्या कपच्यांचं ठिकाण भूमी व्यवस्थापन खात्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, त्यांच्याकडे नोंद राहील. शोशोनी-बॅनॉक आणि शोशोनी-पायूट जमातींशी ते बोलतात.

---

पाऊलवाट

कळवलंय, सोमवारीच. फोटो आणि शीटवरची खूण दोन्ही दिले.

---

कातळ

शाब्बास. मोजणीदारानं 'जुना' शब्द लिहिला हे वाचून मलाही फार आनंद झाला. वहीत असा एखादा शब्द लिहिणारा माणूस कामात मन असलेला असतो.

दोन गोष्टी विचारतो. होकायंत्राचा कोन आजचा घेतलात की त्या सालचा? चुंबकीय उत्तर सरकत राहतं, वहीत दिलेला फरक वेगळा असेल. आणि पट्ट्याची रुंदी मोजलीत का, दांड्यावर आणि खाली सपाटीला?

---

पाऊलवाट

कोन वहीतल्या फरकानं दुरुस्त करून घेतला, काका. आजचा घेतला असता तर खिंडीच्या चुकीच्या बाजूला गेले असते.

रुंदी टेपनं मोजली. दांड्यावर सगळ्यात अरुंद जागी ११ फूट, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस चालेल एवढी. खिंड उतरून सपाटीला लागलं की पट्टा फाटत जातो, तिथे कडेपासून कडेपर्यंत ९९ फूट भरले. आपल्या साखळीनं तीन साखळ्या. त्याच्या पुढे झुडपांत काही दिसेना, तिथे टेप गुंडाळला. एप्रिलमध्ये चिखल वाळला की तिथूनच पुढे मोजणार आहे.